संध्याच्या गाडीचा पत्रा

गंगापूर रोडला जॉगिंग ट्रॅकच्या जरा अलीकडे, दर रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास एक जुनी छोटी गाडी येऊन उभी राहायची. तिच्यातून चाळिशी ओलांडलेली, सडपातळ बांध्याची एक बाई उतरायची, डिकीचं दार वर करायची आणि पाच मिनिटांत त्या डिकीचं दुकान व्हायचं. नागलीचं पीठ, नागलीचे पापड, खुरासणीची चटणी, घरचे उडीद, आणि हंगाम असला तर सुरगाण्याची स्ट्रॉबेरी. फिरायला येणाऱ्या मंडळींना तिचं नाव ठाऊक नव्हतं. ते तिला डिकीवाल्या ताई म्हणायचे. तिचं नाव संध्या गावित.

संध्या सुरगाण्याच्याही पुढच्या एका पाड्यावरची. लग्न होऊन नाशकात आली त्याला वीसेक वर्षं झाली होती. पेठ रोडला दोन खोल्यांचं घर. नवरा रावजी एका सोसायटीत वॉचमन, मुलगी धुळ्याला नर्सिंग शिकत होती. संध्या मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करायची. सकाळी साठ मुलींचा डबा, संध्याकाळी साठ मुलींचं ताट. मधले दुपारचे चार तास आणि रविवारची सकाळ एवढाच वेळ तिचा स्वतःचा.

गाडी तिने सहा वर्षांपूर्वी घेतली होती, वसतिगृहाच्या शेजारच्या बंगल्यातल्या प्राध्यापकांकडून. ते मुलाकडे परदेशी निघाले होते आणि नऊ वर्षं वापरलेली गाडी कुणाच्या तरी चांगल्या हाती जावी एवढीच त्यांची इच्छा होती. गाडी शिकली तेव्हा संध्या एकोणचाळीस वर्षांची होती. पहिल्या दिवशी रिव्हर्स घेताना तिने वसतिगृहाची कचरापेटी आडवी केली. पण दोन महिन्यांत ती वणीवरून, सप्तशृंगीच्या डोंगराला वळसा घालून थेट पाड्यावर गाडी घेऊन गेली आणि आईच्या अंगणात थांबली. त्या दिवशी रावजी शेजारच्या सीटवर मुठी आवळून बसला होता. उतरल्यावर म्हणाला, "चालवतेस चांगली. पण पुढच्या वेळी मी मागं बसेन."

यंदा मार्चमध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. आरटीओत पासिंग पुन्हा करून घ्यावं लागणार होतं. संध्याने त्याची फारशी काळजी केली नव्हती. इंजिन ठीक होतं, टायर बरे होते. मग जानेवारीतल्या एका दुपारी डिकीत पिठाची पिशवी फुटली. सांडलेलं पीठ झाडायला तिने चटई उचलली, तिच्याखालचा पुठ्ठा उचलला, आणि झाडू फिरवला तसे तपकिरी पोपडे निघायला लागले. बोट लावलं तर पापुद्रा सुटून आला. स्टेपनी ठेवायच्या खळग्यात तर गाळासारखा ओला गंज साचलेला होता. तिने पाना घेऊन जरासं टोचलं. पाना आरपार गेला आणि खालचा रस्ता दिसला.

ती बराच वेळ तशीच उकिडवी बसून त्या भोकाकडे बघत राहिली. मग पुठ्ठा परत ठेवला, वर चटई टाकली, आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एका मोठ्या गॅरेजात गेली. तिथल्या माणसाने गाडी वर उचलून बॅटरीच्या उजेडात खालून पाहिली.

"ताई, ही गाडी समुद्राकडची आहे का? अलिबाग, रत्नागिरी?"

"नाही. नाशकातलीच. फार तर सुरगाण्यापर्यंत जाते."

"पावसाने एवढा पत्रा सडत नाही. याला मीठ लागलंय. डिकीत काय नेता तुम्ही?"

काय नेते ते संध्याला चांगलं ठाऊक होतं.

दर मे महिन्यात ती पाड्यावर मीठ न्यायची. एकदा पावसाळा लागला की ओहोळ भरतात, आठवड्याच्या बाजाराला जाणं जिवावर येतं. कैऱ्यांना, सुकटीला, गुराढोरांना, सगळ्यालाच खडे मीठ लागतं. पूर्वी बायका ते डोक्यावरून आणायच्या. गाडी घेतली त्या वर्षी संध्याने आईसाठी दोन गोण्या नेल्या. पुढच्या वर्षी शेजारणींनी सांगितलं, मग आठ झाल्या. मग दोन फेऱ्या. गोण्या पाझरायच्या, कोपऱ्यांतून बारीक खडे सांडायचे. घरी आल्यावर ती झाडून काढायची. पण पुठ्ठ्याच्या खाली काय गेलं ते तिला कधी दिसलंच नव्हतं.

"पूर्ण फ्लोअर बदलावा लागेल," गॅरेजवाला म्हणाला आणि त्याने जो आकडा सांगितला तो मुलीच्या अर्ध्या वर्षाच्या फीएवढा होता. तिचा चेहरा बघून त्यानेच पुढे सांगितलं, "खरं सांगू का? एवढा खर्च करण्यापेक्षा भंगारात द्या. या वयाच्या गाडीला कुणी एवढं करत नाही."

संध्या घरी आली ती तोंड बारीक करून. रावजीला सांगितलं तर तो म्हणाला, "माझ्या ड्यूटीच्या सोसायटीत एक रंगारी येतो, लोकांच्या गाड्यांचे ओरखडे काढायला. त्याला विचारू."

रंगारी हसतमुख माणूस होता. त्याने डिकीत डोकावून पाहिलं, जीभ टाळ्याला लावून चक् केलं आणि विचारलं, "तुम्हाला पासिंगपुरतंच पाहिजे ना?"

संध्या म्हणाली, "हो."

एका दिवसात काम झालं. भोकांवर त्याने बारीक जाळी बसवली, जाळीवर पत्र्याचे खड्डे बुजवायची लांबी ओढली, पॉलिश पेपर मारला आणि वरून काळाकुळकुळीत रंग दिला. खालूनही काळं करून टाकलं. संध्याकाळी डिकी उघडली तर डोळ्यांवर विश्वास बसेना. नव्या गाडीची असावी अशी चकचकीत. पैसेही झेपतील एवढेच घेतले. संध्याला हलकं वाटलं. फक्त एक झालं. पुढच्या रविवारी पिठाची गोणी डिकीत ठेवताना ती आपटू नये म्हणून तिने हात खाली घातला, आणि आपण असं का करतोय हे तिला कळलं, तरी तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

त्याच रविवारी वाल्मीक आहेर आला. देवळ्याचा शेतकरी, कांद्याचा थोडा व्यापारही करायचा. कामानिमित्त नाशकात आला की गंगापूर रोडला मेहुण्याकडे उतरायचा आणि सकाळी फिरायला निघाला की संध्याकडून पापड घ्यायचा. पन्नाशीचा, डोक्यावर टोपी, बोलणं मोकळं. पापड घेता घेता त्याची नजर डिकीत गेली.

"गाडी लय जपलेली दिसते तुमची, ताई. कितवं वर्ष?"

"पंधरावं लागलंय."

"अन् डिकी अशी? विकायची असली तर सांगा."

संध्या हसली. पण तो गमतीने बोलत नव्हता. त्याची मुलगी स्नेहल कळवणच्या कॉलेजात शिकत होती. रोज एसटीसाठी ताटकळायची. शेजारच्या दोन मुलीही तिच्याबरोबर जायच्या. तिला एखादी जुनी गाडी घेऊन द्यावी, हात बसला की मग बघू, असं त्याच्या मनात होतं. त्याने गाडीभोवती फेरी मारली, इंजिन चालू करून ऐकलं, आणि जी किंमत सांगितली ती ऐकून संध्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. लगेच त्याने बायकोला फोन लावला. "गाडी चांगली शे," तो आपल्या बोलीत सांगत होता, "एकदम चांगली शे. बाईमाणसाच्या हातची शे." फोन ठेवून तो संध्याला म्हणाला, "येत्या रविवारी स्नेहलला घेऊन येतो. तिला आवडली की व्यवहार करून टाकू."

रावजीला हे कळलं तेव्हा तो खूश झाला. "देऊन टाक. त्यात थोडी भर घालून दुसरी घेऊ. पासिंगची कटकटही मिटली."

"त्यांना डिकीचं माहीत नाही."

"बघून घेतोय ना तो? डोळे त्याचे आहेत. आणि त्याला कुठं मीठ न्यायचंय? पोरीच तर बसणार."

पोरी बसणार, हेच तर संध्याच्या मनातून जात नव्हतं. बुधवारी दुपारी वसतिगृहातली भांडी आवरून ती गाडीपाशी गेली. मागची सीट पुढे ओढून तिच्याखालचं कापड उचललं. तिथे रंगारी पोहोचला नव्हता. गंज डिकीतून पुढे सरकत सीटच्या खालपर्यंत आला होता. सीट ज्या बोल्टांवर बसते त्यांच्याभोवतीचा पत्रा फुगून आला होता. आतून मुलींच्या हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. परीक्षेहून आल्या होत्या आणि डबे उघडून बसल्या होत्या. त्यांतली एखादी जागेवर नसली तर ताट वाढताना संध्याच्या लगेच ध्यानात यायचं. देवळ्याहून कळवणला रोज याच गाडीत तशाच तीन मुली बसणार होत्या.

रविवारी वाल्मीक आला, बरोबर स्नेहल. चुणचुणीत मुलगी, गाडी पाहूनच खुलली. संध्याने दोघांना डिकीपाशी नेलं. आज तिने डिकीत माल मांडलाच नव्हता. चटई, पुठ्ठा, सगळं काढून ठेवलेलं होतं. तिने पाना वाल्मीकच्या हातात दिला.

"दादा, इथं टोचून बघा."

"कशाला?"

"बघा तर."

त्याने त्या चकचकीत काळ्या रंगावर पाना टेकवला आणि जरा दाबला. लांबीला तडा गेला. आणखी दाबला तर वाटीएवढा टवका खाली पडला आणि जाळी उघडी पडली. वाल्मीकने पाना काढून घेतला. स्नेहल बापाकडे आणि संध्याकडे आळीपाळीने बघत होती.

"मागच्या रविवारी का नाय सांगितलं?" त्याने विचारलं. आवाज चढलेला नव्हता, पण त्यात राग होता.

"धीर झाला नाही."

"मी बायकोला सांगून बसलो. पोरगी आठ दिवस मैत्रिणींना सांगत फिरतेय."

संध्याने मान खाली घातली. तो राग खरा होता. "चुकलं माझं," ती म्हणाली.

वाल्मीक पाच-दहा पावलं चालत गेला. मग थांबला आणि परत आला. टोपी काढून कपाळ पुसलं.

"गाडी मी घेणार नाय."

"घेऊच नका."

"ते झालं. पण हे असं ठेवू नका तुम्ही. आमच्या कांद्याच्या पिकअपचे पत्रे असेच सडतात. मार्केट यार्डाच्या मागं धम्मपाल म्हणून एक माणूस हे, जाधव. आमच्याकडची निम्मी पोरं त्याच्याकडंच पिकअप नेतात. त्याला दाखवा. माझं नाव सांगू नका, उगाच चहा पाजत बसेल अन् काम राहील."

त्या दिवशी त्याने पापड मागितले नाहीत. पुढेही दोन महिने तो तिच्याकडे फिरकला नाही.

धम्मपालचं दुकान म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. साठीला आलेला, जाड भिंगाचा चष्मा, हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारीक डाग. त्याने डिकी पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "ही लांबी कुणी घातली?"

"एक रंगारी होता."

"आणि घालू कुणी दिली?"

धम्मपालने तिच्याकडे पाहून मान हलवली आणि तो विषय तिथेच सोडला. हातोडीच्या मागच्या टोकाने तो पत्र्यावर ठिकठिकाणी ठोकायला लागला.

"ताई, मोठं गॅरेज पूर्ण फ्लोअर बदलायला सांगतं ते चूक नाही. पण तेवढी गरज नाही तुम्हाला. जिवंत पत्रा ठेवायचा, मेलेला कापायचा. कापलेल्या जागी दुसरा पत्रा जोडायचा. त्यात खरी मजुरी लागते ती खरवडायला. माझा माणूस लावला तर आठ दिवस जातात, आणि आठ दिवसांची मजुरी तुम्हाला परवडणार नाही."

"मग?"

"तुम्ही खरवडा. कापणं-जोडणं मी करतो. त्याचे पैसे द्या."

"मला जमेल?"

"भाकरी थापता ना? हाताला जोर आहे तुमच्या."

अशी ती आठ-नऊ दुपारी धम्मपालच्या शेडमध्ये गेली. वसतिगृहातून साडेअकराला निघायची, जुना गाऊन अंगावर चढवायची, नाकातोंडाला ओढणी बांधायची आणि डिकीत शिरायची. आधी पटाशीने लांबी उचकटून काढली. रंगाऱ्याने एका दिवसात घातलेली लांबी काढायला तिला तीन दिवस लागले. मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग बारीक. हाताला फोड आले. नखांत तपकिरी रेघा बसल्या त्या संध्याकाळी कणीक मळायच्या आधी लिंबाने घासूनही निघेनात, म्हणून ती हातमोजे घालून पोळ्या लाटायला लागली. मुली विचारायच्या, "मावशी, हाताला काय झालं?" ती म्हणायची, "गाडीचं काम चालू आहे." मुलींना ती चेष्टा वाटायची.

पत्रा ऐकायला धम्मपालने तिला शिकवलं. हातोडीने हलकेच ठोकायचं. जिवंत पत्रा खणखणतो, मेलेला थप् करतो. दोन्हींच्या मध्ये एक आवाज असतो, किंचित घोगरा. वरून पत्रा धड दिसतो, पण त्याला खालून लागलेलं असतं. संध्याला ते पहिल्याच दिवशी कळलं. माठ घेताना टिचकी मारून बघायची सवय तिला लहानपणापासून होती. ती कान लावून ठोकत जायची आणि मेलेल्या पत्र्याभोवती खडूने रेघ ओढायची. धम्मपाल येऊन तपासायचा. एकदा त्याने तिची रेघ पुसून आत घेतली, मग पुन्हा ठोकलं, पुन्हा ऐकलं, आणि रेघ परत होती तिथेच ओढली.

"तुमचंच बरोबर आहे," तो म्हणाला. त्या दिवशी त्याने स्वतःच चहा मागवला.

पत्र्यासाठी ती दोघं भंगार बाजारात गेली. संध्याने एक स्वस्तातला तुकडा उचलला तर धम्मपालने तो बोटांत वाकवून टाकून दिला. "हा फ्रिजचा. कागद आहे कागद." शेवटी एका जुन्या लोखंडी कपाटाचं दार मिळालं, जाड आणि गंज नसलेलं. ते वजनावर आलं. त्यातून डिकीच्या तळाचे दोन मोठे तुकडे, सीटखालचे दोन छोटे निघाले आणि शिवाय एक पट्टी उरली.

ज्या दिवशी वेल्डिंग झालं त्या दिवशी रावजी सुट्टी टाकून आला. पेट्रोलची टाकी डिकीच्या तळाला लागूनच असते, म्हणून ती आदल्या दिवशीच उतरवून ठेवलेली होती. धम्मपाल डोळ्यांवर काच धरून काम करत होता आणि रावजी पाण्याची बादली घेऊन पहारा करत होता. ठिणगी उडाली की दचकायचा. दुपार कलताना काम संपलं. जोड उंचसखल होते, वेल्डिंगच्या रेघा वर उठून दिसत होत्या.

"हे दिसायला चांगलं नाही," रावजी म्हणाला.

"नाही," धम्मपाल म्हणाला. "उभे राहा त्याच्यावर."

रावजी बिचकत डिकीत चढला. आधी एक पाय, मग दुसरा. मग जरा उडी मारली. गाडी स्प्रिंगवर खालीवर झाली, पण पत्रा हलला नाही. तो खाली उतरला आणि संध्याच्या हातातला ब्रश घेऊन जोडांवर गंज रोखणारं रेड ऑक्साइड लावायला बसला.

पण धम्मपालचं समाधान झालेलं नव्हतं. मीठ कळलं, म्हणाला, पण मिठाला पाणी कुठून मिळालं? मीठ कोरडं राहिलं असतं तर एवढं खाल्लं नसतं. त्याने संध्याला बॅटरी घेऊन डिकीत बसायला सांगितलं. ती गुडघे पोटाशी घेऊन बसली. दार लावलं. बाहेरून तो बादलीने पाणी ओतायला लागला.

"दिसतंय का काही?"

"नाही."

"आता?"

"नाही. डास आहे एक."

"आता?"

"थांबा थांबा. आलं. उजव्या दिव्याच्या वरून, धागा सोडल्यासारखं."

दाराचं रबर उजव्या कोपऱ्यात आतून चिरलेलं होतं. वरून दिसत नव्हतं. दर पावसाळ्यात तिथून थेंब थेंब पाणी आत येत होतं आणि पुठ्ठ्याखाली साचत होतं. ते बाहेर जायला तळाला जी भोकं असतात ती पिठाने आणि मिठाने लिंपून गेली होती. रबर नवं टाकलं, भोकं तारेने मोकळी केली. खालून डांबरासारखा काळा लेप दिला. डिकीत पुठ्ठ्याऐवजी प्लास्टिकचा एक जाड कागद अंथरला, उचलायला सोपा. धम्मपालने बजावून सांगितलं, महिन्यातून एकदा उचलून बघायचं. बघितलं नाही की गंजाला फावतं.

मार्चच्या अखेरीस संध्या पासिंगला गेली. सकाळपासून रांगेत होती. तपासणाऱ्या साहेबांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, हॉर्न वाजवून घेतला. डिकी उघडायला सांगितली. वेल्डिंगच्या रेघा बघून ते वाकले आणि एक बूट तिच्या तळावर ठेवून सगळा भार टाकला. मग खाली वाकून मागच्या चाकांच्या मधून बघितलं. संध्याला वाटलं आता विचारतील. पण ते उठून म्हणाले, "मागच्या काचेवरचा स्टिकर काढा. नंबर प्लेट नीट पुसून आणा." बस एवढंच. पाच वर्षांचं पासिंग झालं. ती गाडीत येऊन बसली आणि चावी लावायच्या आधी दोन मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती बसली.

मे महिन्यात पाड्यावरून फोन आले. मीठ कधी आणणार? संध्याने वसतिगृहातून तेलाचे रिकामे प्लास्टिकचे ड्रम मागून घेतले. गोण्या त्यांत रिकाम्या केल्या, झाकणं आवळली आणि दोन फेऱ्या केल्या. बायकांनी ड्रम ठेवून घ्यायचा प्रयत्न केला, पण तिने एकही सोडला नाही. "ड्रम राहिला तर मीठ नाही," असं तिने ठणकावून सांगितलं. तिला असं बोलताना आधी कुणी पाहिलं नव्हतं.

आईचं, भागीबाईचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षं लांबत आलं होतं. एसटीत तिला उलट्या व्हायच्या आणि नाशिकचं नाव काढलं की ती शेताचं काहीतरी निमित्त सांगायची. यंदा दुसऱ्या फेरीच्या वेळी संध्याने तिचं लुगडं आणि औषधाची पिशवी स्वतःच गाडीत ठेवली आणि म्हणाली, "आये, चल बस." भागीबाई कुरकुरली, पण बसली. वळणावळणाच्या रस्त्याने संध्या गाडी हळू चालवत राहिली. वणीपर्यंत म्हातारी सीटचा कोपरा धरून होती. वणी गेली आणि तिला झोप लागली.

ऑपरेशन नीट झालं. आधी पट्टी, मग काळा चष्मा आणि थेंब. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी दिवसाउजेडी चष्म्याशिवाय फिरायला परवानगी दिली. त्या दिवशी संध्या तिला तपासणीहून घरी आणत होती. दवाखान्याच्या बाहेर गाडी उन्हात उभी होती. भागीबाई दाराशी थांबली.

"ही लाल हाय?"

"लालच आहे. सहा वर्षं झाली."

"मला मातकट वाटं." तिने गाडीभोवती फेरी मारली, सावकाश, बोटाने पत्रा चाचपत. मागच्या चाकापाशी येऊन थांबली. तिथली कड संध्याने स्वतः रंगवली होती. दुकानात मिळालेला लाल रंग गाडीच्या लाल रंगापेक्षा गडद निघाला होता. गंगापूर रोडवर दर रविवारी बघणाऱ्या कुणालाही ते आजवर दिसलं नव्हतं.

"इथं येगळाच रंग हाय."

"तिथं गंज होता, आये. मी काढला."

भागीबाईने त्या ठिकाणावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. "तू काढलास? तुझ्या हातानी?"

"हो."

म्हातारीने मान डोलावली, आणि या वेळी ती न सांगता दार उघडून पुढच्या सीटवर जाऊन बसली. खिडकीची काच खाली कशी करायची ते तिने विचारून घेतलं. पेठ रोडला लागेपर्यंत ती बाहेरच बघत होती आणि दुकानांच्या पाट्यांचे रंग एकेक करून मोठ्याने सांगत होती.